मिसळीच्या कटापासून केळीच्या चिकापर्यंत : कपड्यांवरचे हट्टी डाग घरच्या घरी

पांढऱ्या कुडत्यावर मिसळीचा कट सांडला की पुढच्या पाच मिनिटांत बहुतेक घरांत तेच घडतं. एक जण ओला रुमाल घेऊन डाग खसाखसा पुसतो. दुसरा त्यावर साबणाची वडी फिरवतो. पिवळा डाग लालभडक झालेला पाहून सगळे हबकतात आणि कुडता उकळत्या पाण्याच्या बादलीत जातो. माझ्या नवऱ्याचा खादीचा एक कुडता असाच हातचा गेला. कट सांडला तेव्हा तो डाग फार काही हट्टी नव्हता. चोळून, उकळून आणि वर कडक इस्त्री मारून आम्हीच त्याला हट्टी केलं.

तेव्हापासून आमच्या घरात डाग पडला की आधी एकच प्रश्न विचारला जातो : हे नक्की काय सांडलंय? उत्तर मिळाल्याशिवाय कुणी साबणाला हात लावत नाही.

हात लावण्याआधी

कारण प्रत्येक डागाचा स्वभाव वेगळा. तेला-तुपाला नुसतं पाणी लागू पडत नाही. रक्त, दूध, अंडं ही प्रथिनं. गरम पाणी लागलं की ती कढईतल्या अंड्यासारखी शिजतात आणि धाग्याला धरून बसतात. चहा, जांभूळ, हळद हे झाडापाल्याचे रंग, त्यांचा साबणाशी वेगळाच व्यवहार चालतो. गंज म्हणजे लोखंड, त्याला आंबट हवं. आणि खरकट्या डागात बहुधा यातलं एकापेक्षा जास्त काहीतरी असतं. दुधाच्या चहात प्रथिनं, साखर आणि टॅनिन, म्हणजे चहाचा तुरट अंश. कटात तेल, हळद आणि मिरचीचा रंग.

दुसरी गोष्ट कापडाची. पांढरं सुती कापड जवळजवळ सगळं सोसतं. रंगीत कापडावर काहीही लावण्याआधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावा, दहा मिनिटांनी पांढऱ्या चिंधीने टिपा. चिंधीला रंग आला तर तो उपाय त्या कापडाला नको. रेशीम आणि लोकर यांचं प्रकरण निराळं, ते खाली येतंच.

मग काही सवयी. डाग पुसायचा नाही, टिपायचा. पुसलं की तो पसरतो आणि विणीत आत जातो. काम करताना कडेकडून मध्याकडे यायचं, म्हणजे भोवती कडं उरत नाही. पाणी सोडायचं ते उलट बाजूने, म्हणजे डाग ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने बाहेर पडतो. काय सांडलंय ते कळत नसेल तर गार पाणी; गार पाण्याने सहसा कुठलाच डाग बिघडत नाही. आणि डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री नाही, ड्रायर नाही. ओल्या कपड्यावर डाग दिसत नाही म्हणून गेला असं समजू नका. तेलाचे डाग तर वाळल्यावर हमखास डोकं वर काढतात.

फळीवर काय ठेवायचं

यादी लांबलचक नको. भांड्यांचं लिक्विड, टाल्कम पावडर, लिंबू किंवा पांढरं व्हिनेगर, खायचा सोडा, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन ब्लीच. एवढ्यात नव्वद टक्के घरं निभतात, असं आपलं माझं मत.

हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्याकडे बहुधा २० व्हॉल्यूम, म्हणजे साधारण ६ टक्क्यांचं मिळतं. कपड्यांसाठी त्यात तेवढंच पाणी घाला, ३ टक्क्यांचं होतं. लागेल तेवढंच करायचं आणि बाटली अंधारात ठेवायची, उजेडाने ते निकामी होतं.

ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट. डाग काढायच्या पावडरी म्हणून जे डबे मिळतात, त्यांतल्या बऱ्याच डब्यांत मुख्य माल हाच. थंड पाण्यात ते आळशीपणा करतं. ४० ते ५० अंश पाणी हवं, म्हणजे हात घातला तर सोसवेल पण फार वेळ ठेवावासा वाटणार नाही इतपत. पाच लिटर पाण्याला दोन मोठे चमचे घालून कपडा तासभर ते रात्रभर बुडवून ठेवायचा. उरलेलं पाणी बाटलीत भरून बूच लावून ठेवू नका. त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

नळाच्या पाण्यासारख्या पण उग्र वासाचं साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, मी फक्त पांढऱ्या सुती चादरी-पंचांसाठी वापरते. ते रेशीम-लोकरीचा धागा खातं, ताणणाऱ्या कापडातलं इलॅस्टिक पिवळं करतं, घामाचे डाग आणखी गडद करतं. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा : हे ब्लीच टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा लिंबाबरोबर कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

नीळ आणि उजाला यादीत नाहीत. त्या डाग काढत नाहीत, पिवळेपणावर निळसर छटा चढवून तो झाकतात. आणि सोडा-व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा जो उपाय मोबाइलवर फिरतो, त्यात एक आम्ल, एक अल्कली. दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात. फेस दिसायला छान दिसतो एवढंच.

हळद आणि कट

आता कुडत्याकडे परत. हळदीतला पिवळा रंग म्हणजे करक्युमिन. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र मजेत विरघळतो. म्हणून फोडणीतली हळद तेलाच्या पाठीवर बसून थेट धाग्यात जाते. साबण अल्कली असतो आणि अल्कली लागली की हळद लाल होते. पूर्वी हळदीवर चुन्याची वा टाकणखाराची प्रक्रिया करून कुंकू बनवत, ते याच गुणावर. तेव्हा वडी लावल्यावर डाग कुंकवासारखा झाला तर घाबरायचं काही कारण नाही. नीट विसळला की परत पिवळा होतो.

या रंगाचा खरा शत्रू म्हणजे ऊन. मिरचीचा लाल रंगही उन्हात विटतो. त्यामुळे क्रम असा :

१. चमच्याच्या कडेने वरचा रस्सा, कांदा, शेव उचलून घ्या. टिश्यू पेपर किंवा जुनं सुती फडकं दाबून तेल टिपा. फडक्याची जागा बदलत राहा, नाहीतर टिपलेलं तेल परत लागतं.

२. डागावर टाल्कम पावडरचा जाड थर द्या आणि अर्धा तास विसरून जा. पावडर पिवळट, गोळा-गोळा झाली म्हणजे तेल चढलं. झटकून टाका, तेल बरंच असेल तर पुन्हा एक थर. टाल्कम नसेल तर तांदळाची पिठी चालते. बेसन नको, त्याचाच पिवळा डाग पडतो.

३. कोरड्या डागावरच भांड्यांचं लिक्विड बोटाने लावा. आधी पाणी नको. लिक्विडला तेलाशी थेट गाठ पडू द्या. हलकेच थापटा, पंधरा मिनिटं ठेवा, मग उलट बाजूने नळाची धार सोडा. तेल पुरतं गेलं का ते बोटांना कळतं, बुळबुळीत लागत नाही. लागत असेल तर पुन्हा एकदा. ही पायरी घाईने उरकली तर पुढचं सगळं वाया.

४. आता नेहमीच्या पावडरीत गार पाण्याने धुवा. डाग लाल होईल, होऊ द्या. अल्कलीत हळदीचा रंग तसाही टिकत नाही, ते आपल्या पथ्यावरच आहे. स्वच्छ विसळा.

५. ओला कपडा डाग वर येईल असा कडक उन्हात पसरा. वाळला की पाण्याचा हबका मारा आणि पुन्हा ठेवा. एप्रिल-मे महिन्यात ताजा डाग एका दुपारीत फिका होतो, जुन्याला दोन-तीन दिवस लागतात. रंगीत कपडा असेल तर डागाएवढाच भाग उन्हात येऊ द्या, बाकी कापडाने झाका. नाहीतर डागाबरोबर कुडत्याचाही रंग उतरेल.

६. पांढऱ्या सुती कपड्यावर यानंतरही पिवळी छटा राहिली तर ऑक्सिजन ब्लीचमध्ये रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन.

पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा मी चौथ्या पायरीपर्यंत करून कपडा बाजूला ठेवून देते. इस्त्री करत नाही. ऊन पडलं की काढते. आमरसाच्या डागालाही हाच क्रम लागू पडतो, फक्त त्यात तेल नसल्याने पावडरची गरज नाही. नुसत्या तेलाच्या किंवा पणतीच्या डागाला पहिल्या तीन पायऱ्या पुरतात. मेणबत्तीचं मेण असेल तर बर्फ लावून कडक करा, नखाने खरवडा आणि उरलेल्यावर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मेण कागदात उतरतं. इस्त्रीवर बंदी घालून तिचाच उपाय सांगतेय, पण मेणापुरती तिला सूट.

रक्त

मासिक पाळी, शाळेतलं खरचटणं, हजामतीत कापलेली हनुवटी. ताजं असेल तर दुसरं काहीच नको, गार पाण्याची वाहती धार. पाणी स्वच्छ येईपर्यंत धरा, मग थोडं मीठ घातलेल्या गार पाण्यात अर्धा तास भिजवून नेहमीसारखं धुवा.

वाळलेल्या डागाला आधी रात्रभर गार पाणी. त्यानंतर पांढऱ्या किंवा रंग न जाणाऱ्या कपड्यावर ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड थेंब थेंब टाका. पांढरा फेस फसफसून वर येईल, कारण रक्तातलं एक एन्झाइम पेरॉक्साइड फोडतं. फेस ओल्या फडक्याने टिपा, पुन्हा टाका. तीन-चार फेऱ्यांत फेस यायचा थांबतो. तिथे आपणही थांबायचं आणि विसळायचं. गाद्यांवरच्या डागालाही हेच करता येतं, तिथे तर धुण्याचा प्रश्नच नसतो.

प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमची धुण्याची पावडर असेल तर दूध, अंडं, बाळाची शी यांसाठी फार उपयोगी. पण एन्झाइमना वेळ लागतो. मशीनच्या पंधरा मिनिटांच्या झटपट धुलाईत त्यांना कामाला लागायलाही सवड मिळत नाही. कोमट पाण्यात तासभर भिजवून मग मशीनला लावा.

चहा, जांभूळ, करवंद

चहा दुधाचा असतो हे विसरून लोक एकदम उकळतं पाणी ओततात. दुधाचा अंश आधी गार पाण्याने जाऊ द्या. मग लिक्विड लावून धुवा, आणि तपकिरी सावली राहिली तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात करून वीस मिनिटं, नाहीतर ऑक्सिजन ब्लीच. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर चहाचा डाग काळसर पडतो, जुन्या काळी लोखंडाच्या क्षारापासून शाई करत तसाच प्रकार. अशा ठिकाणी डागापुरतं तरी फिल्टरचं पाणी वापरा.

जांभळाची गंमत हळदीच्या उलटी. त्याचा रंग आंबटात गुलाबी, साबणात निळा-हिरवा. म्हणून आधी साबण नको : गार पाणी, लिंबाचा रस, दहा मिनिटं, विसळणं, मग साबण. करवंदात रंगाबरोबर चीकही असतो, त्यावर आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि नंतर ते तेल भांड्यांच्या लिक्विडने काढा. फणसाच्या चिकालाही खोबरेलच.

शाई

बॉलपेनची शाई तेलकट असते, तिला स्पिरिट लागतं. खिशाच्या आत टिश्यूची जाड घडी घाला, म्हणजे शाई पाठीमागच्या कापडावर उतरणार नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून वरून टेकवा. घासू नका. खालची घडी निळी होत जाईल. ती सरकवत राहा, बोळाही बदला. शाई उतरायची थांबली की लिक्विड, मग धुणं. सॅनिटायझरनेही जमतं, पण जेलवाला नको, पाण्यासारखा पातळ हवा. स्पिरिट पेट घेतं, गॅसजवळ हा उद्योग करू नका.

दूध लावून शाई काढायचा उपाय आजी सांगायच्या. करून पाहिलाय. शाई थोडी फिकी झाली आणि दुधाचा डाग पडला.

मतदानाची शाई बाहीला लागली असेल तर वेळ घालवू नका. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनणाऱ्या त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेड लागला की ते काळं पडून बसतं. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून तिला पगार मिळतोय तो न निघण्याचाच.

कॉलर आणि काख

कॉलरची काळी-पिवळी रेघ म्हणजे अंगाचं तेल आणि धूळ. तिला ब्रशने झिजवण्यापेक्षा धुण्याच्या वीस मिनिटं आधी शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड लावून ठेवा. तो शाम्पू मुळात डोक्याचं तेल काढायलाच तर केलेला असतो. मग मऊ जुना टूथब्रश, दोन-चार हात.

काखेतला कडक पिवळा डाग बऱ्याचदा घाम आणि डिओडरंटमधलं ॲल्युमिनियम यांच्या मिलाफाचा. पांढऱ्या शर्टाला खायचा सोडा, ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड आणि लिक्विडचे चार थेंब यांचा लेप लावा, अर्धा तास ठेवा, धुवा. रंगीत शर्ट असेल तर पातळ व्हिनेगरमध्ये अर्धा तास. डिओडरंट वाळू देऊन मग शर्ट घातला तर हे सगळं करायची वेळ बरीच लांबते.

बुरशीचे ठिपके

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत जुलै उलटला की कपाटातल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके येतात. कपडा गॅलरीत नेऊन कोरडाच झटका, घरात झटकलात तर बुरशी बाकीच्या कपड्यांवर बसेल. त्यानंतर गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, चार-पाच तास. पांढऱ्या सुतीला हायपोक्लोराइट, बाटलीवरच्या प्रमाणात. ठिपके जुने असतील तर वास जाईल, बुरशी मरेल, पण करडी सावली राहील. ती धाग्यातच उतरलेली असते.

गंज

हँगर, दोरीवरचा खिळा, जुनी लोखंडी बादली. लिंबाचा रस आणि मीठ यांचा लगदा डागावर थापा, उन्हात ठेवा, वाळू लागला की पुन्हा रस पिळा. तास-दीड तासाने भरपूर पाण्याने विसळा, कारण आंबट कापडात राहिलं तर सुती धागा कमकुवत होतो. गंजावर ब्लीच लावलं की तो आणखी पक्का होतो. बाजारात ऑक्झॅलिक ॲसिडचे गंजनाशक मिळतात. ते विषारी आहे; हातमोजे घालून, मुलांपासून लांब.

पैठणी, लोकर आणि धोब्याकडची बाजू

रेशीम आणि लोकर हीच मुळात प्रथिनं. एन्झाइमची पावडर त्यांनाच खाते, अल्कली त्यांना रखरखीत करते, ऑक्सिजन ब्लीचही नको. पैठणीवर श्रीखंड सांडलं तर वरचं चमच्याने उचला, कोरड्या फडक्याने टिपा, तेलकट वाटलं तर टाल्कम घाला आणि तिथेच थांबा. नुसत्या पाण्याचंही रेशमावर कडं उमटतं. ड्रायक्लीनला देताना काय सांडलंय आणि तुम्ही आधी काय लावलंय ते दोन्ही सांगा. डागाभोवती धाग्याने सैल टाका घालून दिला तर आणखी बरं, गठ्ठ्यात तो शोधावा लागत नाही.

जे जात नाहीत

रेशमावर मेंदी लागली असेल तर सोडून द्या. मेंदीचा रंग केसाला आणि त्वचेला ज्या प्रकारे धरतो, त्याच प्रकारे रेशमाला धरतो. सुती कापडावर ऑक्सिजन ब्लीचने थोडी फिकी होते. काळ्या जेल पेनच्या शाईत न विरघळणारे रंगाचे कण असतात, तिथे स्पिरिट पसरवापसरवच जास्त करतं.

आणि केळीचा चीक. अंगावर उडतो तेव्हा तो पाण्यासारखा असतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. हवा लागून तपकिरी-काळा होतो तेव्हा उशीर झालेला असतो. उडताक्षणी स्पिरिटने टिपून लिक्विड लावलं तर वाचायची आशा असते. वाळलेल्यावर मी पेरॉक्साइड, लिंबू, परकार्बोनेट, सगळं करून पाहिलं. काळ्याचा तांबूस झाला, तांबूसचा काही गेला नाही. केळफूल सोलताना हाताला तेल लावतो तसा अंगात जुना गाउन घालायचा, हा आमच्याकडचा तोडगा. तो गाउन आता इतका ठिपकेदार झालाय की पाहुण्यांना ते डिझाइनच वाटतं.